छत्तीस चांदण्या आणि हळदीची दोरी

कुरुंद्याच्या रुख्मिणीबाईला लहानपणापासून एक खोड होती. कुणी काही सांगितलं की ती मुकाट्यानं ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि मग हळूच विचारायची, "पण काहून?" भाकरीवर पाणी काहून फिरवायचं, हळदीचं बेणं डोळा वर करूनच काहून लावायचं, एकच दोरा दोन वेळा काहून पिळायचा. माहेरी आई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "हिला सासरी कोण नांदवून घेईल माय?" पण सासर मिळालं ते सखुबाईचं. सखुबाईकडं बहुतेक काहूनला उत्तर असायचं, आणि जिथं नसायचं तिथं डोळे वटारणं असायचं. सासू-सुनेचं वीस वर्षं असं बरं चाललं.

सखुबाई म्हणजे गावातली पहिल्या नंबरची गोधडी शिवणारी. गोधड्या घरोघरी शिवल्या जायच्या. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालायची आणि धावदोरा मारायचा, की झाली गोधडी. सखुबाईची तशी नव्हती. तिच्या गोधडीवर चांदण्या असायच्या. एक चांदणी वीतभर चौरस. मध्ये एक मोठा चौकोन, चार कोपऱ्यांत चार छोटे, आणि चारी बाजूंना त्रिकोणाला त्रिकोण जोडून काढलेली आठ टोकं. एका चांदणीला एकवीस तुकडे लागायचे. अशा छत्तीस चांदण्या जोडल्या की वरचं कापड तयार व्हायचं, मग खाली अस्तर, मध्ये जुनी लुगडी, आणि सगळ्यावरून धावदोरा.

त्या घरची रीत अशी होती, की लेक सासरी जाताना तिच्यासंगं छत्तीस चांदण्यांची गोधडी जायची. भांडी कमी-जास्त चालायची, गोधडी चुकायची नाही. सखुबाईनं आपल्या दोन लेकी आणि दिराच्या दोन लेकी अशा चार गोधड्या घालून पाठवल्या होत्या. पाचवी नातीची, कोमलची. ती तिनं दोन वर्षांपासून शिवायला घेतली होती. अकरा चांदण्या झाल्या, आणि दिवाळीत तिच्या उजव्या हाताची बोटं आखडली. सुई धरली की बोट वळायचं नाही, वळलं की सुटायचं नाही. बाराव्या चांदणीचे तुकडे डब्यात तसेच पडून राहिले.

"होईल हळूहळू," रुख्मिणीबाई म्हणाली होती. "कोमलचं लगीन काय उद्या हाय?"

ते साल दोन हजार तीनचं. शिवरात्र झाली आणि वारंगा फाट्याकडचं एक स्थळ आलं. पोरगा चांगला, शेती पाण्याखालची. बोलणी झाली, सुपारी फुटली, आणि सोयऱ्यांनी सांगितलं, "पुढं सिंहस्थ लागून राहिलाय. एकदा लागला की वर्षभर तिथी न्हाई. चैत्रातच उरकू."

संतराम, म्हणजे रुख्मिणीबाईचा नवरा, बोटांवर मोजून म्हणाला, "बेचाळीस दिस."

सगळे हसून-खेळून चहा पिऊन गेले. रुख्मिणीबाई मात्र डबा घेऊन बसली. अकरा झाल्या. पंचवीस राहिल्या. हातानं एक चांदणी म्हणजे दोन दिवसांची बैठक, आणि तीही बाईला दुसरं काम नसेल तर. इकडं शेतात हळद काढणीला आलेली. काढायची, कढईत शिजवायची, वाळत घालायची, ढोलात घासायची. धावदोऱ्यालाच बायका बसवून दहा दिवस लागणार. म्हणजे चांदण्यांना राहिला एक महिना, त्यातला अर्धा हळदीचा.

सखुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनंही तोच हिशोब मनात घातला असावा. ती म्हणाली, "कोमल मोकळ्या हातानं जाईल व्हय गं रुखमिने?"

आवाज मोठा नव्हता. पण सखुबाई असं कधी विचारत नसे. ती सांगत असे. म्हणून ते रुख्मिणीबाईला जास्त लागलं.

घरात मशीन होतं. वसमतहून आणलेलं पायांचं जुनं मशीन, त्यावर रुख्मिणीबाई झंपर, लेकरांचे झबले शिवायची. कुणाकडं शिकली नव्हती. एक फाटका झंपर उसवून पाहिला, परत जोडला, आणि आलं. दुसऱ्या दिवशी तिनं सासूजवळ हळूच विषय काढला.

"आत्याबाई, चांदण्या मशीनवर घेतल्या तर?"

"न्हाई."

"काहून?"

"मशीनचा टाका कडक बसतो. अंगाला लागतो. आन् मशीनला टोक येत न्हाई."

"काहून येत न्हाई?"

सखुबाईनं डोळे वटारले. पण या खेपेला रुख्मिणीबाई उठली नाही. ती म्हणाली, "एक करून दाखवते. तुमच्या बोटानं बघा. न्हाई पटलं तर मशीनवर कपडा टाकते, लगीन होईपर्यंत काढत न्हाई."

तिनं एक चांदणी मशीनवर शिवली. एकवीस तुकडे कापले, एकेक जोडला. वेळ कमी लागला, पण निघालं काय तर पापड. मध्ये फुगलेलं, कडेला लाटा. खाली ठेवलं की एक कोपरा वर उठायचा. तिनं ती चांदणी आणि सखुबाईच्या हातची एक, अशा दोन्ही सासूच्या मांडीवर ठेवल्या. सखुबाईला नजरेनं आता नीट दिसत नव्हतं, पण अंगठा शाबूत होता. तिनं अंगठा फिरवला आणि हसायला लागली.

"रुखमिने, ही गोधडी हाय का कुरडई?"

कोमल दारात उभी होती. ती पण हसली. रुख्मिणीबाईला राग यायला हवा होता. पण तिचं लक्ष त्या फुगवट्यावर होतं. तेच कापड, तेच माप. मग फुगलं काहून?

"आत्याबाई, तुमची काहून फुगत न्हाई?"

सखुबाई थोडी खुलली. कसब विचारलं की तिचा चेहरा असा उजळायचा. "कापड उभं ओढ. आलं का? न्हाई. आडवं ओढ. थोडं आलं. आता तिरकं ओढून बघ."

रुख्मिणीबाईनं तिरकं ओढलं. रबरासारखं लांबलं.

"त्रिकोणाची एक बाजू तिरकीच असती. ती ओढ घेती. मी ती बाजू बोटात दाबून, ओढू न देता शिवते. तुझ्या मशीनला बोट हाय का?"

रुख्मिणीबाई त्रिकोण हातात घेऊन तिथंच बसून राहिली. मशीनला बोट नाही. मग तिरकी कड शिवायच्या आधी उघडीच ठेवू नये, अशी काही युक्ती असेल का? तिला उत्तर माहीत नव्हतं. पण प्रश्न आता नीट कळला होता, आणि प्रश्न कळला की तिला झोप चांगली लागायची.

पहिली युक्ती सापडली ती दोऱ्याची. तुकडा जोडला की ती थांबायची, दोरा तोडायची, दुसरा घ्यायची, दोरा ओढायची. एका चांदणीत वीस वेळा तोडणं. एक दिवस घाईत ती तोडायला विसरली आणि पहिली जोडी निघते न निघते तोच दुसरी पुढं सरकवली. मशीन चाललंच. मधे बोटभर मोकळा दोरा सुटला आणि दोन्ही जोड्या एकमेकींना लटकल्या. तिनं तिसरी सरकवली, चौथी सरकवली. मशीनच्या मागून जमिनीवर तोरण उतरायला लागलं, शाळेत झेंड्याच्या दिवशी पताका लावतात तसं. पंधरा जोड्या झाल्यावर तिनं ते तोरण उचललं आणि कात्रीनं टकटक कापलं.

"कोमल, इकडं ये! हे बघ!"

कोमल पीठ मळत होती. तशाच हातानं आली. "माय, तू तर लग्नाचं तोरण आधीच बांधून राहिली."

दुसरी युक्ती कापण्याची. एकेक चौकोन मापानं कापायचा म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा. रुख्मिणीबाईला आषाढात करायच्या कापण्या आठवल्या. पोळी लाटायची, सुरीनं उभ्या पट्ट्या पाडायच्या, मग आडव्या; एकेक कापणी कुणी वेगळी लाटतं का? तिनं धोतराच्या सहा घड्या एकावर एक घातल्या. पण जुनं मऊ कापड कात्रीखाली सरकायचं, वरची घडी एक मापाची आणि खालची दुसऱ्या. मग ज्वारीच्या पिठाची पातळ खळ करून कापडाला दिली. वाळल्यावर कापड कागदासारखं ताठ उभं राहिलं. आता घड्या हलेनात. एका दुपारी तिनं पाच चांदण्यांचे चौकोन पाडले.

पण त्रिकोण राहिलेच होते, आणि खरी अडचण तीच होती. खळीनं ओढ कमी झाली, गेली नाही.

ती सुटली चुकीनं. एका पांढऱ्या चौकोनावर रंगीत चौकोन ठेवला होता, तोंडाला तोंड लावून. वर तिनं साबणाच्या चिपेनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली होती; रेघेवर कापायचं आणि मग दोन त्रिकोण जोडायचे, असं ठरलेलं. तेवढ्यात संतराम शेतातून ओरडत आला, कढई उतरवायची होती. हळद जास्त शिजली की बिघडते. ती धावतच उठली. परत आली तेव्हा डोक्यात कढईच होती. कापायचं विसरून तिनं रेघेच्या एका अंगानं टाके मारले. मग वाटलं चुकीच्या बाजूनं मारले, म्हणून दुसऱ्या अंगानं मारले. मग पाहिलं तर दोन चौकोन दोन्हीकडून शिवलेले, मधोमध रेघ.

"मरो!" म्हणाली आणि उसवायचा कंटाळा येऊन तिनं रेघेवरून सरळ कात्री चालवली.

दोन तुकडे झाले. एक उलगडला. चौकोन होता. अर्धा पांढरा, अर्धा रंगीत. जोडलेला, तयार. दुसरा उलगडला. तोही तसाच.

ती कितीतरी वेळ ते दोन चौकोन उघडून मिटून पाहत राहिली. त्रिकोण कापलेच नव्हते, तरी त्रिकोण झाले होते. आणि तिरकी कड? ती कापायच्या आधीच दोन्ही बाजूंनी टाक्यात बांधली गेली होती. आता तिला ओढ घ्यायला जागाच नव्हती. तिनं चौकोन जमिनीवर ठेवला. एकही कोपरा उठला नाही.

ती सासूकडं गेली. तुकडा हातात दिला.

सखुबाईनं अंगठा फिरवला. उलटा केला, परत फिरवला. तिरक्या शिवणीवर नख धरून सरळ ओढत नेलं.

"हे कुणी शिवलं?"

"मशीननं."

"टाका कडकच हाय," सखुबाई म्हणाली. मग म्हणाली, "पण कड मेली न्हाई, ओढली गेली न्हाई."

त्या संध्याकाळी तिनं सुनेला तीन अटी घातल्या. चांदणीचं एकही टोक मोडलेलं चालणार नाही. प्रत्येक चांदणी तिच्या अंगठ्याखालून जाईल, आणि अंगठ्यानं परत केली की उसवायची. आणि धावदोरा, काही झालं तरी, हाताचाच. रुख्मिणीबाईनं तिन्ही मान्य केल्या. "काहून" विचारलं नाही.

आता हाव सुटली. दोन चौकोनांतून दोन निघतात, तर मोठ्या कापडातून? रंगीत लुगड्याचा तुकडा खाली, पांढरं धोतर वर, त्यावर चौकोनांची जाळी आखायची, प्रत्येक चौकोनातून तिरकी रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांनी लांबच्या लांब शिवण, आणि शेवटी सगळ्या रेघांवरून कात्री. हिशोबात बसत होतं. पण एवढ्या लांब सरळ रेघा आखायच्या कशानं? साबणाची चिप पांढऱ्यावर दिसेना. शाळेतला खडू घासून जायचा. पट्टी घरात होती ती लेकरांची, वीतभर.

गावात नरसिंग सुतार होता. तो लाकूड चिरायच्या आधी दोरी कावेत बुडवून ताणायचा, बोटानं उचलून सोडायचा, आणि फळीवर लाल सरळ रेघ उमटायची. रुख्मिणीबाई सासरी आल्यापासून ते पाहत होती. काव मात्र लुगड्यावरून जाणार नाही. मग काय घ्यावं? घरात, अंगणात, वळचणीला, डोळ्याला दिसेल तिथं हळदच होती. हळद कापडाला लागली तरी उन्हात उडून जाते, हे तर हळदकऱ्याच्या लेकरालाही ठाऊक. शिजवणीच्या दिवसांत पिवळी झालेली धोतरं कुंपणावर चार दिवस पडली की परत पांढरी होतात.

तिनं दोरी ओली केली, हळदीच्या पुडीत लोळवली. एक टोक कोमलनं धरलं, एक तिनं. ताणली, उचलली, सोडली. टण्ण! पांढऱ्या धोतरावर पिवळी धमक रेघ, केसासारखी.

"अजून एक!" कोमल म्हणाली. तिला त्यात लेकरासारखी गंमत वाटत होती. "माय, माझी हळद तर आत्ताच लागून राहिली."

सतरा दिवसांत पंचवीस चांदण्या झाल्या. सखुबाईच्या अंगठ्यानं तीन परत केल्या. रुख्मिणीबाईनं उसवल्या, परत जोडल्या. शेवटची पास झाली तेव्हा सखुबाई म्हणाली, "अंगठ्याला पोट्ट्यानं फसवलं." मशीनला ती आता पोट्टं म्हणायला लागली होती, आणि ते रागातलं नव्हतं.

धावदोऱ्याला शेजारच्या बायका आल्या. अंगणात गोधडी पसरली, चारी बाजूंनी चौघी-पाचजणी बसल्या. अकरा कुठल्या आणि पंचवीस कुठल्या, ते कुणाला ओळखता आलं नाही. रुख्मिणीबाईनं मुद्दाम विचारलं. एकीनं चार दाखवल्या, त्यातल्या तीन चुकल्या. सखुबाई भिंतीला टेकून ऐकत होती आणि हसू दाबत होती. लग्नाला सहा दिवस उरले तेव्हा शेवटचा दोरा तुटला.

आता एकच राहिलं. त्या घरातून गोधडी कोरी जात नसे. जुन्या कपड्यांची असते, कुणाकुणाच्या अंगाची, म्हणून तिला एक पाणी दाखवायचं आणि मग घडी घालायची. सखुबाई रिठे वापरायची. रिठे फोडायचे, रात्रभर भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, गाळायचे, मग त्या फेसात गोधडी. रुख्मिणीबाईला हे ठाऊक होतं. पण वीस दिवस तिला सगळ्यातून वेळ काढायची सवय लागली होती. घरात धुण्याचा सोडा होता. एक बादली ऊन पाणी, दोन मुठी सोडा, अर्ध्या तासात काम. खळही पटकन निघेल.

तिनं गोधडी पाण्यात घातली आणि हातानं दाबली. वर काढली, तर पांढऱ्या चौकोनांच्या कडेनं लाल रेघा उठल्या होत्या.

आधी तिला वाटलं लुगड्याचा रंग फुटला. मग पाहिलं. रेघा सरळ होत्या. दोरी ताणून मारल्यासारख्या सरळ. शिवणीच्या आत राहिलेली हळद सोड्यानं लाल झाली होती आणि कापडातून वर येत होती. पंचवीस चांदण्यांतला एकेक त्रिकोण लाल रेघेनं आखला गेला होता. सखुबाईच्या हातच्या अकरा मात्र पांढऱ्या स्वच्छ, जणू बोट दाखवून सांगत होत्या, आम्ही त्यातल्या नाही.

रुख्मिणीबाई बादलीजवळ खालीच बसली. सहा दिवस होते. नवी करायला सहा दिवस पुरणार नव्हते, मशीननंही. ही अशी द्यावी तर वऱ्हाडातली प्रत्येक बाई उलगडून पाहणार, आणि सखुबाईच्या नावाची पाचवी गोधडी डागाची निघणार.

संतराम आला. वाकून गोधडी बघितली. मग म्हणाला, "विहिरीत टाकायची पांढरी पावडर हाय ना घरात? तिनं समदं पांढरं होतं."

"बराबर ठाऊक हाय का?"

"माझं धोतर झालतं की."

एका कोपऱ्यातल्या चांदणीवर त्यानं ओली पावडर चोळली. लाल गेलं. संतराम "बघ!" म्हणाला तोवर लुगड्याचा हिरवाही गेला. हिरव्या टोकांवर पांढरट, पिवळट चट्टे उमटले, आणि बोट लावलं तर कापड विरलं.

"आता तुमी शेतात जा," रुख्मिणीबाई म्हणाली. "जा म्हणते ना."

तो गेला. आणि तिच्या पाठीमागून सखुबाईचा आवाज आला. कोमलनं तिला हाताला धरून आणलं होतं.

"सोडा घातला?"

"व्हय."

"रिठे कुठं गेलते?"

 डोळे वटारले जाण्याची रुख्मिणीबाई वाट पाहत होती. सखुबाईनं ओली गोधडी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली. लाल रंग तिला दिसला असावा.

"कुंकू कसं करतात ठाऊक हाय का? हळदीत चुना घालतात. सोडा बी चुन्याचाच भाऊ." तिनं गोधडी खाली ठेवली. "आता सांग. चुन्यानं लाल होतं, तर पिवळं कशानं होतं?"

रुख्मिणीबाईनं वर पाहिलं. वीस वर्षांत सासूनं तिला पहिल्यांदा असा प्रश्न घातला होता, जसा तीच कुणाला घालायची.

ती उठली. वाया गेलेल्या तुकड्यांतला एक तिनं सोड्यात बुडवला, लाल झाला. त्यावर एका टोकाला ताक टाकलं, एका टोकाला लिंबू पिळलं, एका टोकाला चिंचेचं पाणी. ताकानं रंग थोडा मावळला. लिंबानं पिवळा झाला. चिंचेनंही पिवळा झाला, आणि चिंच घरात मडकं भरून होती.

"पिवळं झालं, आत्याबाई!"

"मग पुढचं उन्हाचं काम."

गोधडी तीन वेळा साध्या पाण्यातून काढली, मग चिंचेच्या गाळलेल्या पाण्यात बुडवली. लाल रेघा डोळ्यांदेखत पिवळ्या पडल्या. परत साधं पाणी. मग हळद वाळत घालतात त्याच खळ्यावर, चैत्राच्या उन्हात, धोतर अंथरून त्यावर पसरली. कोमल दिवसातून चार वेळा बघून यायची आणि सांगायची, "अजून दिसून राहिलं." दुसऱ्या दिवशी, "थोडं." तिसऱ्या दिवशी रुख्मिणीबाई स्वतः गेली, वाकून पाहिलं, आणि तिला रेघ शोधावी लागली.

राहिली ती जळालेली चांदणी. तिच्यावर नवीन चांदणी ठिगळासारखी लावायची, कडा आत दुमडून हातानं शिवायची, एवढं ठरलं. पण हिरवं लुगडं संपलं होतं, आणि लग्नाला दोन दिवस होते. पाहुणे यायला लागले होते. अंगणात मांडवाचे खांब रोवत होते.

सखुबाईनं आपली पेटी उघडायला सांगितली. तळाशी एक हिरवं इरकली लुगडं होतं, घडी न मोडलेलं. ते तिनं आपल्या शेवटच्या वाटेसाठी ठेवलेलं होतं, पण घरात ते कुणी बोलत नसे.

"ह्यातलं हातभर काप."

"आत्याबाई, ते तर..."

"लुगडं मोठं हाय. मला पुरतं. काप."

कापलं. रुख्मिणीबाईनं तुकडे घेतले, सुई घेतली. तिच्या मनात होतं की ही एक तरी हातानं करावी, सासूच्या समाधानाला. ती सुईत दोरा ओवायला लागली.

सखुबाई म्हणाली, "सुई काय करती? उद्या हळद हाय. पोट्टं काढ."

रुख्मिणीबाईनं सुई परत दोऱ्याच्या रिळात खोचली.

"आन् ते दोन टाक्यांचं मला दाखव. बोटानं ऐकलंय, केलं न्हाई."

मशीन ओसरीवर ओढलं. कोमलनं आजीला स्टुलावर बसवलं. खाली पायडलवर रुख्मिणीबाईनं एका बाजूनं पाय ठेवला, कारण सखुबाईचा पाय पुरत नव्हता. हिरव्या चौकोनावर पांढरा चौकोन ठेवला. तिरकी रेघ या वेळी कोमलनं कोळशाच्या बारीक टोकानं ओढली. हळदीचं नाव कुणी काढलं नाही. सखुबाईनं आखडलेला पंजा कापडावर सपाट ठेवला. बोटं वळत नव्हती, पण मशीनला वळलेली बोटं लागतच नव्हती. कापड पुढं ढकलायचं, एवढंच.

"चालव."

मशीन घरघरलं. सखुबाई दचकली, हात उचलला, परत ठेवला. रेघेच्या एका अंगानं टाके गेले, थोडे वाकडे. कापड फिरवलं. दुसऱ्या अंगानं गेले, ते सरळ. कोमलनं कात्री दिली. बोटं कात्रीत शिरेनात, म्हणून रुख्मिणीबाईनं तिच्या हातावर हात ठेवून रेघेवरून कात्री चालवली.

सखुबाईनं एक तुकडा उलगडला. अंगठा फिरवला. मग दुसरा उलगडला, त्यावर फिरवला. तिच्या तोंडावर जे आलं ते रुख्मिणीबाईनं कधी पाहिलं नव्हतं. त्या कढईच्या दिवशी मात्र तिचं स्वतःचं तोंड तसंच झालं असेल.

"दोन निघाले," सखुबाई म्हणाली.

"दोन निघतात."

"काहून?"

रुख्मिणीबाईला हसू आवरेना. ती सांगू लागली, तेव्हा सखुबाई म्हणाली, "थांब, सांगू नको. अजून एक घाल. बघू दे मला."

त्या चांदणीला असे आठ चौकोन हवे होते. चार वेळा शिवलं की पुरले असते. सखुबाईनं सहा वेळा शिवले. मांडवात पाहुणे हाक मारत होते, संतराम दोनदा येऊन गेला, आणि ती म्हणत होती, "आलेच. एवढं एक."

दुसऱ्या दिवशी कोमलला हळद लागली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी गोधडी जीपमध्ये ठेवायच्या आधी वारंग्याच्या बायकांनी ती उलगडून पाहिलीच. एकीनं कोपऱ्यातल्या चांदणीवर बोट ठेवलं. तिची एक शिवण थोडी वाकडी होती.

"ही कुणाच्या हातची?"

"माझ्या," सखुबाई म्हणाली.

उरलेले चार चौकोन तिनं डब्यात ठेवले, बाराव्या चांदणीच्या जुन्या तुकड्यांशेजारी.